आधी माती, मग मळणी

समुद्राच्या भरतीपेक्षाही खालच्या पातळीवर वसलेलं एक गाव होतं. खाडीचं पाणी वर, गावाची भातशेती खाली आणि मधे काय, तर एक मातीचा बांध. दगड नाही, चुना नाही, नुसती चिकणमाती. बापजाद्यांनी ती पायांनी तुडवून, हातांनी थापून उभी केली होती. बांध आहे तोवर गाव आहे, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं.

त्या गावाची एक रीत होती. उधाणाच्या भरतीला बांध कुठे चिरला की राखणदार थाळा वाजवायचा. थाळा ऐकला की हातातलं काम टाकून घरटी माणूस धावायचा. चिरेच्या सगळ्यात जवळ ज्याचं शेत असेल त्या शेतातून चिकणमातीच्या ढेपा कापायच्या आणि चीर बुजवायची. शेत कुणाचं, पीक उभं आहे का, हे विचारत बसायचं नाही. टेकडीची माती आणावी तर ती भुसभुशीत, पाण्याला टिकत नाही. खाडीतला गाळ तर वाहूनच जातो. मुरलेली शेतमातीच लागते आणि तीही हाताशी लागते, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही.

पण ही झाली अर्धी रीत. उरलेली अर्धी अशी, की कापणी झाल्यावर साऱ्या गावाने टेकडीखालून टोपल्यांनी माती आणून त्या शेताचा खड्डा भरून द्यायचा आणि मगच आपापल्या भाताची मळणी करायची. आधी माती, मग मळणी. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य बसलेलं होतं. तोंडीच, बरं का. हातापायांतून ते कधीच निघून गेलं होतं.

ते कसं, तर ऐका. त्या गावात चांगुणा नावाची एक विधवा बाई राहायची. घरात ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच. बांधाला लागून एक शेत, त्यावर दोघींचं पोट. मागच्या साली नेमका तिच्याच शेतासमोर बांध चिरला. थाळा वाजला. चांगुणा सगळ्यांच्या आधी पोचली आणि पहिलं फावडं तिनेच मारलं. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. ते मुळासकट उपटलं गेलं, अर्धं शेत खणलं गेलं, पण चीर बुजली आणि गाव वाचलं. गावकऱ्यांनी तिला हात जोडले. चांगुणा आमची आई, असंही कुणी म्हणालं.

मग कापणी झाली. चांगुणा वाट बघत बसली. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाच्या बैलाचा पाय मुरगळला, कुणाची कंबर धरली. भात मात्र सगळ्यांनी झोडलं, वारवलं, कणगीत भरलं, त्याला कुणाची कंबर आड आली नाही. गरज सरो, वैद्य मरो. दुसरं काय? शेवटी ती स्वतः दारोदार गेली. गावात गोमाजी म्हणून मोठा शेतकरी होता. चांगुणेच्या शेताला लागूनच त्याचं शेत. सारं गाव नांगरणीला त्याचे बैल मागायचं, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. तो ओटीवर पान लावत बसला होता. चुन्याचं बोट पुसत तो म्हणाला, "चांगुणे, ज्याचं शेत त्याने बघावं. आम्ही काय तुझे गडी आहोत?"

बस. गोमाजी बोलला आणि सगळ्या गावाला निमित्त मिळालं. बांध राखणारा म्हातारा हसुराम, त्याने तरी दोन शब्द सुनवायचे, पण त्यालाही गोमाजीचे बैल लागत. त्याने मान खाली घातली. चांगुणेच्या शेतात खड्ड्याचं डबकं झालं. उरलेल्या अर्ध्या शेतावर ती आणि सासू वर्षभर जगल्या. जगल्या म्हणजे काय, संध्याकाळी पेज मिळाली तर मिळाली. सासूच्या वाटीत भाताची शितं वाढून ती स्वतः वरचं पाणी पीत होती आणि गाव ते बघत होतं. बघवत कसं होतं, देव जाणे.

पुढच्या साली भाद्रपदाच्या अमावास्येला मोठं उधाण आलं. वाराही खाडीकडून गावाकडे. भर दुपारी हसुरामने थाळा वाजवला. या वेळी चीर गोमाजीच्या शेतासमोर पडली होती. खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता आणि मनगटाएवढी धार शेतात उडत होती. माणसं फावडी घेऊन धावली. बघतात तर गोमाजी आपल्या शेताच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा.

"माझं शेत आहे," तो म्हणाला. "इथे मला विचारल्याशिवाय कुणी फावडं लावायचं नाही."

लोकांनी विनवलं. हसुराम अक्षरशः त्याच्या पाया पडला. गोमाजी हलला नाही. भात बघा कसं उभं आहे, म्हणाला. मी राबलो, मी घाम गाळला, माझ्या मातीवर माझी मर्जी चालणार, तुमची नाही. आणि मग तोंड वर करून त्याने चांगुणेच्या शेताकडे बोट दाखवलं. ते तसंही बिघडलेलंच आहे, तिथून खणा की! लाज कोळून प्यायलेला माणूस दुसरं काय बोलणार?

पण त्याहून वाईट पुढेच झालं. चार तरणेताठे गडी त्याला बाजूला सारू शकले असते. कुणी पुढे झालं नाही. एकजण म्हणाला, शेत त्याचं आहे हे तर खरंच. दुसरा पुटपुटला, आज त्याचं खणाल, उद्या माझं खणाल, मग भरून कोण देणार? आणि उचललेली फावडी खाली आली. भरून कोणी देत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, स्वतःच केलं होतं.

चांगुणा फावडं घेऊन तिथेच उभी होती. क्षणभर तिला वाटलं, फुटू दे. बुडू देत सगळे. तिने फावडं खाली टेकवलं.

माझं की तुझं, याचा निकाल लागेपर्यंत पाणी थोडंच थांबतं? धारेचा लोट झाला, लोटाने बांधाचं भगदाड केलं आणि खारं पाणी गोमाजीच्या शेतात घुसलं. सगळ्यात आधी त्याच्याच. ज्या भातासाठी हात पसरले होते ते भात त्याच्या डोळ्यांसमोर आडवं झालं. मग पाणी पुढे गेलं आणि खालची सगळी शेतं एकामागून एक बुडाली. बायका बांधावर बसून रडू लागल्या. चांगुणेच्या शेताचा वरच्या अंगाचा अर्धा तुकडा तेवढा कोरडा राहिला, कारण डबक्याचं पाणी आत येऊ नये म्हणून तिने वर्षभर एकटीने त्याला जाड बांध घातला होता.

ओहोटी लागली तसं पाणी उतरलं. पण रात्री पुन्हा भरती येणार होती आणि भगदाड उघडं होतं. आता प्रश्न भाताचा नव्हता. शेतांच्या पलीकडे गावाचं तळं होतं. पंचक्रोशीत गोड्या पाण्याची तेवढीच एक जागा. त्यात खारं पाणी शिरलं असतं तर माणसांनी आणि गुरांनी प्यायचं काय? गाव सोडूनच जावं लागलं असतं. दिवस मावळायच्या आत भगदाड बुजवायला हवं होतं आणि हाताशी असलेली मुरलेली कोरडी चिकणमाती आता एकाच ठिकाणी उरली होती.

सगळं गाव चांगुणेच्या शेताशी येऊन उभं राहिलं. फावडी हातात होती, पण वर मान करायची कुणाची छाती होत नव्हती. गोमाजी सगळ्यांच्या मागे, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. चांगुणा आपल्या बांधावर उभी होती. पाठीमागे तिचं भात होतं, तिच्या आणि सासूच्या वर्षाचं अन्न.

"दुपारी गोमाभावजी म्हणाले, माझं शेत, माझी मर्जी," ती म्हणाली. "आता मी तेच म्हटलं तर?"

पुढे उभे होते ते दोन पावलं मागे सरले.

"मागच्या साली माझं शेत न विचारता खणलंत. ते बरोबरच होतं, वेळच तशी होती. पण नंतर एक टोपली माती टाकायला कुणी आलं नाही. माझी आंधळी सासू वर्षभर पेज प्यायली, तेव्हा तुमच्या कणग्या भरलेल्या होत्या. लाज नाही वाटली? दुपारी मला वाटलं, बुडा सगळे. पण तळं बुडालं तर तुमची पोरंही तहानेने मरतील आणि त्यांनी माझं काही घेतलेलं नाही."

तिने हातातलं फावडं पुढे केलं. ते हसुरामपुढे नव्हतं, गोमाजीपुढे होतं. "खणा. पण पहिलं फावडं यांनी मारायचं. आणि मारायच्या आधी मला विचारायचं. आज विचारण्याइतका वेळ आहे."

गोमाजी पुढे आला. वर्षानुवर्षं ज्या बाईला त्याने एकेरी नावाने हाक मारली होती, तिच्यासमोर तो उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी फावडं घेतलं. आणि म्हणाला, "वहिनी, माती घेऊ का?"

"घ्या," चांगुणा म्हणाली आणि पदर खोचून स्वतःही शेतात उतरली.

मेढी रोवल्या, पेंढ्याचे भारे दाबले, ढेपा हातोहात गेल्या. चांगुणेचं उरलेलं भातही चिखलात तुडवलं गेलं. रात्रीची भरती आली ती नव्या मातीवर धडका देऊन परत गेली. तळं वाचलं.

त्या साली गावात भात थोडंच पिकलं, फक्त दूर टेकडीलगतच्या उंचावरच्या शेतांत. कापणी झाली, भारे खळ्यावर आले आणि खळ्यावरच पडून राहिले. एकाही घराने मळणीला हात लावला नाही. साऱ्या गावाने टेकडीखालून माती वाहिली. चांगुणेच्या शेतात पहिली टोपली गोमाजीने टाकली. लोक म्हणतात, शेवटचीही त्यानेच टाकली. दोन्ही सालांचे खड्डे भरले, शेत सपाट झालं आणि मग जे भात झोडलं त्यातला पहिला वाटा चांगुणेच्या घरी गेला.

गोमाजीचं शेत मात्र खारावून पांढरं पडलं होतं. मरू दे उपाशी, असं काही जण म्हणू लागले. उधाणाच्या दुपारी ज्यांची तोंडं शिवलेली होती, त्यांचीच तोंडं आता सगळ्यात मोठी झाली होती. चांगुणेने त्यांनाही सोडलं नाही. ती म्हणाली, त्याला असाच टाकलात तर पुढच्या उधाणाला माती कोण देईल? मागच्या साली मला टाकलंत, म्हणून या साली त्याने दिली नाही. तो चुकलाच. पण त्याच्या शब्दाआड लपून, हे चालतं असं त्याला शिकवलं कुणी?

लोकांनी भात मापून काढलं. गोमाजीच्या घरी वाटा पोचता झाला.

अजूनही त्या गावात थाळा वाजला की कुणी शेत कुणाचं ते विचारत नाही. आणि कापणीनंतर कुणाच्या शेतात खड्डा उरला असेल तर भारे खळ्यावर वाळत पडतात, बैल खुंट्याला बांधलेले राहतात आणि सारं गाव टोपल्या घेऊन टेकडीकडे निघतं.

तात्पर्य: संकटात "माझं ते माझं" म्हणून जो अडून बसतो तो सगळ्यांना बुडवतो आणि आधी स्वतः बुडतो, पण गावासाठी ज्याने आपलं दिलं त्याला संकट टळल्यावर विसरणारं गावच असे अडणारे जन्माला घालतं.