साहेबांना कळतं का?

अपंग पोरांना आपापली कामं स्वतः करायला शिकवून खैरनारबाई मेटाकुटीला आल्या होत्या. पोरं शिकत, कचेरीतले साहेब मात्र शिकता शिकत नसत. म्हणून कचेरीत शिरताना बाई तोंडात सुपारीचं खांड टाकत, म्हणजे पोरांच्या वतीने बोलायचा मोहच नको.

त्या दिवशी बाईंबरोबर त्यांचा विद्यार्थी अवधूत रसवंतीच्या परवान्यासाठी आला होता. त्याची जीभ जन्मापासून जड, एकेक शब्द ओढून काढावा लागे. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बाईंनाच विचारलं, "याला कळतं का? सही करता येते का?"

"मला... विचारा," अवधूत म्हणाला.

साहेब पुन्हा बाईंकडेच वळले. "धंदा झेपेल का याला?"

बाईंनी सुपारी कडाकडा फोडली.

मग अवधूतने दाराशी उभ्या शिपायाला विचारलं, "मामा, साहेबांना... कळतं का? सही करतात, की... कुणी हात धरतं?"

साहेब कडाडले, "मी इथे समोर बसलोय! मला विचार ना!"

"तेच... म्हणतोय... मघापासून."

शिपायाला एकदम ठसका लागला. साहेबांनी निमूट खुर्ची अवधूतकडे वळवली, अर्ज पुढे ओढला.

"नाव?"

"सांगतो. वेळ... लागेल. बसा निवांत."