मोटारीला पावडर

आबासाहेबांच्या जुन्या मोटारीचं ऑईल गळायचं काही थांबेना. तिघा मिस्त्रींनी इंजिनाच्या खालचं पॅकिंग बदलून पाहिलं, तरी ठिपके पडतच राहिले.

"ड्रायव्हर धुळाप्पानंच वाट लावली. उद्या त्याला कामावरून काढतो!" आबासाहेब गरजले.

हसन मिस्त्रीला ते पटेना. गळती सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून त्यानं इंजिन लख्ख पुसलं आणि त्याला तोंडाची पावडर फासली.

"मोटार बोहल्यावर चढवतोस काय रे?" आबासाहेब हसले.

इंजिन सुरू झालं. पांढऱ्या पावडरीवर वरच्या झाकणापासून थेट खालपर्यंत काळा ओघळ उमटला.

"सरकार, हे झाकण कोणी उघडलं होतं?"

"मीच! जुन्या मोटारींच्या प्रदर्शनासाठी पॉलिश करून बसवलंही मीच."

मिस्त्री हळूच म्हणाला, "मग उद्या कोणाला काढायचं, सरकार?"