राहीआत्या मागे वळली

बसा सगळे. ज्याला मध्येच उठावं लागेल त्यानं दाराशी बसावं, कारण गोष्ट पोटाची आहे आणि पोट कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

फार वर्षं झाली. इतकी, की आपल्या पणज्यालासुद्धा त्याच्या पणज्यानं ही गोष्ट ‘फार वर्षं झाली’ म्हणूनच सांगितली होती. माणदेशाच्या कडेला वेळंबे नावाचं गाव होतं. तिथं एक कोष्टी आळी होती. घराघरांत माग, गल्लीभर पसरलेले ताणे, आणि चुलीवर सदानकदा खळ शिजत असायची. खळ म्हणजे तांदळाच्या कण्यांची पातळ पेज. ती सुताला पाजली की सूत मागावर टिकतं. ह्या आळीत राही नावाची कोष्टीण राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, भागू. राहीच्या हातची खळ पंचक्रोशीत नावाजलेली होती, आणि तिची जीभ त्याहून जास्त नावाजलेली होती.

एका साली गावात पटकी आली. पटकी म्हणजे असल्या ढाळवांत्या, की सकाळी ताणा पसरणारा माणूस दिवस मावळायला तिरडीवर. त्या काळी गावात एक नियम होता. ढाळ लागलेल्याला पाणी बंद. “फुटक्या रांजणात पाणी वतून काय उपेग?” असं जाणती माणसं म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते पटे. भागूला ढाळ लागली तेव्हा राहीनंही नियम पाळला. लेक पाणी मागत होती. राहीनं घागर उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली. पण लेकीचे डोळे काही बाहेर नेऊन ठेवता येईनात, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागून हाक येत राहिली, आणि मग यायची थांबली.

त्यानंतर राही कुणाशी बोलेना. जिचं तोंड बंद व्हावं म्हणून आळीनं नवस केले असते, तिलाच आळी आता म्हणू लागली, बाई, शिवी दे हवी तर, पण बोल.

ती बोलली ती शेजारच्या गणू कोष्ट्याच्या घरात. त्या दिवशी राही ताण्याला खळ लावत होती. खळ संपली आणि उरलेलं सूत कोरडंच राहिलं. उन्हानं वाळलं, आणि हात लावील तिथं तटातट तुटू लागलं. ओलं सूत ताणलं तरी तगतं आणि वाळलेलं तुटतं, हे कोष्ट्याच्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. राहीला ते जन्मभर ठाऊक होतं. पण तुटका धागा हातात धरून ती त्या दिवशी मटकन खाली बसली, आणि लेक गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून उठली आणि तडक गणूकडे गेली. गणूला आदल्या रात्रीपासून ढाळ लागली होती.

गणूचे डोळे खोल गेले होते. राहीनं त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. गणूची बायको म्हणाली, “पानी दिऊ नगा, आत्या, मरंल.”

“न देता बी मरतंय,” राही म्हणाली. “मी बघितलंय.”

तिनं चुलीवरच्या खळीतली वाटीभर पेज पाजली. गणू ती घटाघटा प्यायला आणि त्यानं तेवढीच ओकून टाकली. राहीनं पुन्हा पाजली, तो पुन्हा ओकला. कोणी दुसरी असती तर कपाळाला हात लावून उठली असती. राहीनं कमरेला खोचलेली सुताची लडी काढली. पेज वस्त्रगाळ केली, चिमूटभर मीठ घातलं, गाडगं उशाशी उंचावर ठेवलं. लडी भिजवून तिचं एक टोक गाडग्यात सोडलं आणि दुसरं गणूच्या ओठांत दिलं. सुतानं पेज ओढली आणि थेंब थेंब खाली सोडली. वाटीभर पेज न पेलणाऱ्या पोटाला थेंब कळलाच नाही. तो आत गेला आणि आतच राहिला. गणू वाचला. पुढं तो सांगायचा, “मी जलमाला आलो आईच्या नाळंवर आन वाचलो आत्याच्या लडीवर.”

मग राही घरोघर जाऊ लागली. ढाळेच्या माणसाची सेवा म्हणजे काही चंदन उगाळणं नव्हे. जिथं घरची माणसं नाकाला पदर लावून उंबऱ्यात उभी राहायची, तिथं ती आत जाऊन आजाऱ्याला कुशीवर वळवायची, पुसायची, घाणीवर राख टाकून ती ओढ्यापासून लांब खड्ड्यात पुरायची, चिंध्या उकळायची. ढुंगण पुसून पुसून सोललं तर तिथं तेलाचं बोट लावायची. आणि काम करताना तोंड चालूच. “लाजतोस कशाला रं? समद्यास्नी हितनंच हुतंय, पाटलाला बी!” तिच्या शिव्या कानावर आल्या की आजाऱ्याच्या घरच्यांना धीर यायचा.

ती कुणाला ‘बरं आहे का?’ असं विचारायची नाही. ती विचारायची, “मुतलास का?” कारण ढाळेनं सुकलेल्या माणसाची लघवी बंद होते, आणि ती सुटली म्हणजे अंगात ओल आली. घरात पाहुणे असोत, सोयरे असोत, राही दारातूनच ओरडून विचारायची.

असं म्हणतात, की पटकी ऐन भरात असताना तिनं चौकात एकच हंडा मांडला आणि त्यातून गावभर धागे सोडले, एकेका घरात एकेक. आता गावभर धाग्यातून पेज कशी जाईल, हे मला विचारू नका. माझ्या आजोबांना मी विचारलं होतं, तर त्यांनी माझा कान धरला होता.

तरी माणसं जातच होती. सगळीच काही लडीवर वाचली नाहीत. हैबती पाटलाचे दोन कर्ते मुलगे गेले. त्यांच्या घरी राहीला उशिरा बोलावलं होतं. शेवटी पाटलानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. मरीआई म्हणजे पटकीची देवी. लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात तिचं हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, वाजतगाजत शिवेपलीकडे सोडायचा, म्हणजे देवी दुखणं घेऊन निघून जाते. गाडा सोडल्यावर मात्र परतताना मागं वळून बघायचं नाही. जो बघेल त्याच्याबरोबर ती परत येते. वेळंब्यात तर असंही सांगत, की देवी मुद्दाम मागून हाक मारते, पाणी मागते, आणि वळला तो फसला.

गाडा निघाला. घरटी एक माणूस होतं, हलगी होती, पोतराज होता. राही सगळ्यांच्या मागं पाय ओढत चालली होती. शिवेच्या दगडापलीकडे गाडा सोडला, नारळ फुटला आणि सगळे माघारी वळले. चार पावलं गेले असतील नसतील, मागून हाक आली.

“पानी...”

सगळ्यांनी ती ऐकली. हलगी थांबली. एकाही माणसानं मान वळवली नाही. बायांनी पदर कानावर ओढले आणि सगळे भराभर चालू लागले. राहीही चालली. तिला ती हाक ओळखीची वाटली. तशीच बारीक, तशीच घशातून ओढून काढलेली. भिंतीकडे तोंड करून बसलेली ती दुपार तिच्या पाठीवर येऊन उभी राहिली.

आणि राही मागं वळली.

गाड्याच्या पल्याड बाभळीखाली एक बाई पडली होती. पाट्या-वरवंट्याला छिन्नीनं टाकी लावत गावोगाव फिरणाऱ्या लोकांची असावी. ढाळ लागली म्हणून तांड्यानं तिला तिथंच टाकून पुढची वाट धरली होती. राहीनं तिकडं पाऊल उचललं.

“राहे!” पाटील ओरडला. मान गावाकडेच ठेवून ओरडला. “ती बाई न्हवं, मरीआई हाय! माझी दोन पोरं खाल्ली तिनं. पल्याड गेलीस तर परत गावात पाय ठिवू दिनार न्हाई!”

राहीचं घर गावात होतं, माग गावात होता, भागूला मूठमाती दिली ती जागा गावात होती. ती क्षणभर थांबली. असं म्हणतात, की एवढ्या बोलक्या बाईनं त्या वेळी फक्त एवढंच म्हटलं, “पाटील, देवी असंल तरी तिला तहान लागलीया.” आणि ती शीव ओलांडून गेली.

बाई घाणीनं माखून चिखलासारखी झाली होती. राहीनं तिचं अंग पुसलं, आणि नेसवायला काही नव्हतं म्हणून सरळ गाड्यातलं देवीचं लुगडं काढून तिला गुंडाळलं. बाई पुटपुटली, “शिवू नगंस मला.” राही म्हणाली, “गप पड. बोलल्यानं घसा वाळतो.” मग तिला काखेत धरून ओढत ओढत शिवेच्या दगडापाशी आणलं आणि गावाकडे तोंड करून हाक घातली, “गणू! पेज आन!”

गणूनं मान वळवली नाही. पण तो गेला आणि गाडगं घेऊन आला. पलीकडे जायची त्याची छाती होईना. राही म्हणाली, “येऊ नगंस. दगडावर ठिव.” त्यानं गाडगं शिवेच्या दगडावर ठेवलं, गावाच्या अंगाला. राहीनं कमरेची लडी काढली, एक टोक गाडग्यात सोडलं आणि दुसरं पलीकडे बाईच्या ओठांत दिलं. देवीच्या गाड्यातलीच लिंबं पेजेत पिळली. माणसं अल्याड, बाई पल्याड, आणि मध्ये शिवेवरून एक ओला धागा. गावच्या कुणाला शीवही ओलांडावी लागली नाही आणि बाईचं तोंडही कोरडं राहिलं नाही.

राही तिच्याजवळून हलली नाही. ऊन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. ओठातलं टोक गळालं की पुन्हा लावायचं, ढाळ झाली की पुसायचं, कूस बदलायची, गार पडलेले तळपाय हातांनी घासायचे. गाडगं रितं व्हायच्या आत गणू नवं आणून ठेवायचा. मग गणूची बायको येऊ लागली, मग ज्यांच्या घरी राहीनं घाण काढली होती ती माणसं. कुणी पेज आणली, कुणी राख, कुणी जुनेर. येताना सगळे खाली मान घालून यायचे आणि गाडगं ठेवून पळायचे. असं म्हणतात, की त्या गाडग्याचा तळ एकदाही दिसला नाही. दिसेल कसा? सगळं गाव चुलीशी बसलं होतं.

पाटील तेवढा आला नाही. तो चावडीच्या कट्ट्यावर बसून होता. राहीला गावात घेतलं आणि पटकी परत आली तर काय, ही भीती त्याला खात होती, आणि नाही घेतलं तर काय, हेही खात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवेवरून आरोळी आली. ती राहीचीच, लेक गेल्यापासून कुणी ऐकली नव्हती इतक्या आनंदाची.

“मुतली! मुतली गं बाई मुतली!”

गाव हातातलं काम टाकून पळालं. पोतराज पळाला, गणू पळाला. पाटील कट्ट्यावरून उठला आणि धोतर सावरत पळाला. शिवेशी येऊन पाहतात तो कालपर्यंत मेल्यात जमा असलेली बाई हिरवं लुगडं नेसून गाड्याला धरून उभी होती. माणसांनी जागच्या जागी जमिनीला डोकी टेकली. पाटलानंही टेकलं. आणि टेकल्या डोक्यानंच तो म्हणाला, “राहे, घरी चल.”

डोकी वर उचलली तोवर बाई वाटेला लागली होती. लडी घेऊनच गेली. कुणी म्हणतं ती आपल्या तांड्याच्या मागावर गेली. कुणी म्हणतं ती मरीआईच होती, आणि जिनं गावोगाव माणसं सुकवली तिला राहीनं थेंब थेंब पाजून शांत केलं. त्या दिवसापासून वेळंब्यात पटकीनं माणूस गेला नाही, असं म्हणतात. माझं विचाराल तर देवी असो की टाकी लावणारी, चिंध्या दोघींच्या सारख्याच धुवाव्या लागल्या असत्या.

राहीआत्या पुढं खूप जगली, सगळ्यांशी भांडली आणि आपल्या अंथरुणात गेली. तिचं देऊळ नाही. तिचा फोटो तर असायचाच नाही.

पण आषाढात आजूबाजूच्या गावांतून अजून गाडे निघतात. सगळी गावं गाडा शिवेपलीकडे सोडून खाली मान घालून घरी जातात. वेळंब्याची माणसं जात नाहीत. नारळ फुटला की सगळं गाव एकदम मागं वळतं, तान्ह्या पोरांचीसुद्धा तोंडं तिकडं फिरवतात, आणि गावातली थोरली बाई राहीआत्याच्या नावानं मोठ्यानं विचारते, “कुनी ऱ्हायलंय का गं मागं?” मग दोघं जण गाड्यापर्यंत जाऊन, बाभळीखाली बघून येतात. एका साली शेजारच्या गावचा एक दारू प्यालेला गडी तिथं झोपलेला सापडला होता. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. तरी त्याला उचलून आणला, पुसला, पेज पाजली, आणि तो मुतेपर्यंत कुणी जेवायला बसलं नाही.