टिचकी उंदरीचे सात रुपये

सोमवार. सकाळचे आठ. बाजारतळ, चिंचेखाली.
भिशीचा डबा उघडला.
डब्यात काहीच नव्हतं.

भिशी सातजणांची. कोंबडी, शेळी, गाढव, माकड, बोका, मेंढी. आणि सगळ्यात छोटी टिचकी उंदरी.
दर सोमवारी प्रत्येकाने डब्यात एक रुपया टाकायचा. खण्ण!
पुढच्या सोमवारी चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल, त्याला सातही रुपये.
आज नाव निघालं टिचकीचं.

टिचकीची पिल्लं पाच. बीळ गार. पिल्लं कुडकुड, कुडकुड करायची.
मेंढीच्या दुकानात एक छोटी घोंगडी होती. लाल काठाची. किंमत सात रुपये.
सूर्य मावळला की बाजार उठतो. मेंढी जाते. ती पुढच्या सोमवारीच येते.
म्हणजे घोंगडी आजच घ्यायला हवी.

डबा असायचा कोंबडीकडे. टिचकी तिला म्हणाली,
"कोंबडीताई, कोंबडीताई, माझे सात दे.
पिल्लं पाच, थंडी फार, घोंगडी हवी!"

कोंबडीने पंख झटकले. फड फड!
"अगं, ते शेळीने उसने नेलेत. शेळीने दिले की देते."
"पण ते माझे होते."
"तुझं नाव आज निघालं. काल ते कुणाचेच नव्हते! जा, शेळीकडे जा."

टिचकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू, तुरू तुरू.

शेळी मान हलवत होती. छुम छुम! गळ्यात नवीकोरी घुंगरं.
"शेळीकाकू, शेळीकाकू, कोंबडीचे सात दे.
कोंबडी मला देईना,
पिल्लं पाच, थंडी फार, घोंगडी हवी!"

"देणारच होते गं," शेळी म्हणाली. "पण ही घुंगरं दिसली. छान आहेत ना?"
"छान आहेत," टिचकी म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? छानच होती.
"गाढवाकडे माझे सात आहेत. गाढवाने दिले की देते. जा, गाढवाकडे जा."

टिचकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू.

गाढवाने काळा चष्मा लावला होता. त्याला काही दिसेना.
"गाढवदादा, गाढवदादा, शेळीचे सात दे.
शेळी कोंबडीला देईना,
कोंबडी मला देईना,
पिल्लं पाच, थंडी फार, घोंगडी हवी!"

"कोण बोलतंय?" गाढव म्हणालं.
"मी. खाली."
"खाली कुठे?"
"तुझ्या पायाशी. पाय उचलू नकोस!"
"बरं बरं," गाढव म्हणालं. "पैसे ना? ते या चष्म्यात गेले. माकडाकडे माझे सात आहेत. माकडाने दिले की देतो. जा, माकडाकडे जा."

टिचकी निघाली. तुरू तुरू. ऊन डोक्यावर आलं. तुरू तुरू.

माकड पिपाणी वाजवत होतं. पीं पीं!
"माकडमामा, माकडमामा, गाढवाचे सात दे.
गाढव शेळीला देईना,
शेळी कोंबडीला देईना,
कोंबडी मला देईना,
पिल्लं पाच, थंडी फार, घोंगडी हवी!"

"पीं! उद्या देतो. पीं!"
"उद्या बाजार नसतो, मामा."
"म्हणून तर उद्या म्हणालो! पीं!"
टिचकी हसली नाही. ती तिथेच उभी राहिली.
"बरं बाई. बोक्याकडे माझे सात आहेत. बोक्याने दिले की देतो. जा, बोक्याकडे जा."

टिचकी निघाली. तुरू... तुरू...

बोका नव्या मऊ उशीवर झोपला होता. घुर्र घुर्र!
भिशीत एक नियम आहे. सोमवारी बोक्याने उंदरांना खायचं नाही.
तरी टिचकी लांबच उभी राहिली.
"बोकोबा, बोकोबा, माकडाचे सात द्या.
माकड गाढवाला देईना,
गाढव शेळीला देईना,
शेळी कोंबडीला देईना,
कोंबडी मला देईना,
पिल्लं पाच, थंडी फार, घोंगडी हवी!"

बोक्याने एक डोळा उघडला.
"मेंढीकडे माझे सात आहेत. मेंढीने दिले की देतो. आता जा. उद्या मंगळवार आहे, लक्षात ठेव."

टिचकी निघाली. तु... रू... तु... रू...
पाय दुखले. शेपटी मातीत लोळली. सूर्य खाली उतरू लागला.

मेंढी दुकान आवरत होती. लाल काठाची घोंगडी अजून तिथेच होती.
"मेंढीमावशी, मेंढीमावशी, बोक्याचे सात दे.
बोका माकडाला देईना,
माकड गाढवाला देईना,
गाढव शेळीला देईना,
शेळी कोंबडीला देईना,
कोंबडी मला देईना,
पिल्लं पाच, थंडी फार, घोंगडी हवी!"

"कुठून देऊ गं?" मेंढी म्हणाली. "बोक्याचे सात घेतले, काठाला लाल रंग आणला. घोंगडी विकली की देते. पण घोंगडी कुणी घेतच नाही."
"मी घेते!"
"पैसे?"
"कोंबडीकडे आहेत."
"मग जा, कोंबडीकडे जा."

टिचकी खाली बसली. मातीतच बसली.
कोंबडीकडे? परत कोंबडीकडे?
"मी नाही जाणार," टिचकी म्हणाली.
"अगं, सूर्य मावळेल."
"मावळू दे. सकाळपासून फिरतेय, मावशी. पैसे माझे. पाय माझे. आता त्यांनी इथे यावं."

मेंढीने टिचकीकडे पाहिलं. टिचकीच्या पायांकडे पाहिलं.
मग तिने मान वर केली आणि ओरडली,
"बेंऽऽऽ! या रे सगळे! इकडे या!"

कोंबडी आली. फड फड!
शेळी आली. छुम छुम!
गाढव आलं. मेंढीच्या दुकानावर धडकलं. धप्प!
माकड आलं. पीं पीं!
बोका आला. जांभई देत आला.
सगळे गोल उभे राहिले. टिचकी मधे.

टिचकीच्या पदराला एक गाठ होती. तिने गाठ सोडली. आत एक रुपया. आजचा हप्ता.
"मावशी, हा घे. घोंगडीचा एक. राहिले सहा."
"एका रुपयाने काय होतंय?" बोका म्हणाला.
"एका रुपयाने एक रुपया फिटतो," टिचकी म्हणाली. "मावशी, बोक्याला दे."

मेंढीने बोक्याला दिला. खण्ण!
बोक्याने माकडाला दिला. खण्ण!
माकडाने रुपया हातात धरला. उलटा केला. सुलटा केला.
"अरे वा! याची एक भिंगरी येते!"
"माकडा!" सगळे ओरडले.
"बरं बरं. रागावू नका." माकडाने गाढवाला दिला. खण्ण!
गाढवाने शेळीला दिला. खण्ण!
शेळीने कोंबडीला दिला. खण्ण!
कोंबडीने टिचकीला दिला. खण्ण!

रुपया टिचकीकडे परत आला. सगळ्यांचा एकेक फिटला.
"अय्या!" कोंबडी म्हणाली.
"अय्या नको," टिचकी म्हणाली. "सूर्य बघ कुठे गेला. मावशी, हा दुसरा."

खण्ण खण्ण खण्ण खण्ण खण्ण खण्ण खण्ण! दोन फिटले.
खण्ण खण्ण खण्ण खण्ण खण्ण खण्ण खण्ण! तीन फिटले.
सूर्य चिंचेच्या शेंड्यावर आला. चार फिटले.
सूर्य चिंचेच्या फांद्यांत आला. पाच फिटले.
सूर्य चिंचेच्या बुंध्याशी आला. सहा फिटले.
गाढवाच्या हातून रुपया पडला. "कुठे गेला? कुठे गेला?"
"आधी तो चष्मा काढ!" शेळी म्हणाली.
गाढवाने चष्मा काढला. रुपया दिसला. खण्ण खण्ण खण्ण!
सात फिटले!

मेंढीचे बोक्याला फिटले.
बोक्याचे माकडाला फिटले.
माकडाचे गाढवाला फिटले.
गाढवाचे शेळीला फिटले.
शेळीचे कोंबडीला फिटले.
कोंबडीचे टिचकीला फिटले.
आणि टिचकीचे मेंढीला फिटले.
"घे गं बाई," मेंढी म्हणाली. "घोंगडी तुझी."

कोंबडीने डबा पुढे केला. "चला, चला, आजचा हप्ता टाका!"
टिचकीने डबा तिच्याकडून घेतला. मेंढीच्या पुढ्यात ठेवला. मग आपला रुपया टाकला. खण्ण!
घोंगडी डोक्यावर घेतली. हळूहळू घरी गेली. तु... रू... तु... रू...

पिल्लं घोंगडीत शिरली. एक, दोन, तीन, चार, पाच. कुडकुड थांबली.
पिल्लांच्या शेजारी टिचकी आडवी झाली. कुणी काही विचारायच्या आत ती झोपली.

चिंचेखाली डबा अजून उघडा होता.
कोंबडीने शेळीकडे पाहिलं. शेळीने गाढवाकडे पाहिलं. गाढवाने परत चष्मा लावला.
डब्यात रुपया एक.
भिशी सातजणांची. हप्त्याचा वार आजचाच.
बाकीचे सहा रुपये कुठे आहेत, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.