स्टिकरखालचा गंज

स्कूटरींना वाचा होती तेव्हाची गोष्ट. अनसूयाबाईंच्या निळ्या स्कूटरच्या मडगार्डवर तिळाएवढा गंज उमटला. ‘आईची कृपा’ लिहिलेला गुळगुळीत स्टिकर म्हणाला, “मी बसतो ना वर! कोणाला दिसतंय?” स्कूटर खूश झाली.

पावसाळाभर स्टिकरखाली पाणी मुरलं. खंडेनवमीच्या चार दिवस आधी अनसूयाबाई गाडी धुवायला बसल्या, तर स्टिकर निघून हातात आला आणि खाली सुपारीएवढा गंज! शेजारची मोटारसायकल फिदीफिदी हसली, “चला ताई, आता भंगारात!”

अनसूयाबाईंनी पॉलिश पेपर उचलला. स्कूटर किंचाळली, “अगं बाई, हा खरबरीत मेला माझा उरलासुरला रंगही खाईल!”

“खाईनच,” पेपर म्हणाला. “चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबणार नाही. गोंजारून गंज जातो होय?”

स्कूटर रडली, पेपर झिजला, पण खालचा पत्रा शाबूत निघाला. त्यावर प्रायमर वाळला, मग निळा रंग चढला.

खंडेनवमीला हत्यारं-गाड्या पूजेला मांडल्या, तेव्हा स्कूटर अशी झळकत होती की मोटारसायकलीने मान वळवली. अनसूयाबाई झेंडू घेऊन पुढे आल्या. स्कूटर ठसक्यात म्हणाली, “थांबा बाई! पहिलं फूल त्या खरबरीत मेल्याला.”