दानासाठी पेटवलेला डोंगर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव लोक विसरले, त्याची राजधानी मातीला मिळाली. डोंगर मात्र अजून उभा आहे. म्हणून ही गोष्ट राजाची नाही, डोंगराची. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी कान देऊन ऐकावी.

त्या डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं. गावाच्या वर एक झरा होता आणि झऱ्याच्या वर रान होतं. रान होतं म्हणून झरा होता, आणि झरा होता म्हणून गाव. शिमगा सरला की गवत वाळून कुरकुरीत व्हायचं, आणि मग कुठून तरी वणवा यायचा. गावातली गडीमाणसं तेव्हा मेंढरं घेऊन लांब मैदानात गेलेली असत. मागं राहायच्या बायका. वणवा काही गडीमाणसांची वाट बघत थांबत नाही. बायकाच जांभळीच्या हिरव्या डहाळ्या तोडायच्या, पदर खोचायच्या आणि आगीला झोडपून झोडपून निजवायच्या.

या बायकांची म्होरकी होती धोंडाबाई. केस पांढरे, पाठ ताठ, आणि आवाज असा की तिनं इकडून हाक मारली तर पलीकडच्या उतारावरची शेळी चरायची थांबे. आगीची खोड तिला कुणी शिकवली नव्हती. आगीनंच शिकवली होती, चटके देऊन.

त्या बायकांची एक जुनी रीत होती. आग विझली की जळक्या डहाळ्या ओढ्यात सोडायच्या, अंगावरची काजळी धुवायची, आणि त्या आगीविषयी पुन्हा बोलायचं नाही. "विझलेल्या आगीचं नाव घेतलं की ती ऐकते आणि परत येते," असं म्हाताऱ्या सांगत. त्यामुळे मैदानातून परतलेल्या गड्यांनासुद्धा कळत नसे, की आपलं घर कुणामुळे उभं आहे. त्यांना वाटे, डोंगर आपला हिरवाच असतो.

पुढेपुढे वणवे वाढले. एका साली धोंडाबाईची धाकटी जाऊ गोदा हिची सून निखाऱ्यांत सापडली. जीव वाचला, पण तळवे असे भाजले की पोरीला उंबरा ओलांडायचा तर भिंत धरावी लागे. गोदा रोज तिच्या पायांना तूप लावी आणि डोंगराकडे पाठ करून बसे.

अशात एक मीठवाला बैल घेऊन गावात आला. त्या पोरीचे पाय बघून तो म्हणाला, "काय गं बायांनो, राजाकडे का जात नाही? लोकांसाठी राबणाऱ्या मंडळ्यांना राजा दरसाल दान देतो. वहाणा, पाणी वाहायला पखाली, लागेल ते देतो. ज्यांना शिकायचंय त्यांना शिकवतोसुद्धा. दक्षिणगडावर राजाची माणसं दारूगोळा सांभाळतात. आगीसमोर आग लावून तिला उपाशी मारायची विद्या आहे त्यांच्याकडे."

"दरसाल?" धोंडाबाईनं विचारलं. "मग आम्हाला कुणी कळवलं कसं नाही?"

"दवंडी पिटतात की, राजधानीच्या चौकात."

"चौकात! म्हणजे ज्यांच्या दाराशी राजवाडा, त्यांनाच दवंडी. आणि वणव्यात उभ्या राहणाऱ्यांना हे मीठवाल्यानं सांगायचं!" धोंडाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. "गोदे, ऊठ. भाकरी बांध."

दोघी जावा राजधानीला पोचल्या. दानशाळेत दानाध्यक्ष लोडाला टेकून बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा होता.

"तळं खोदणाऱ्यांनी मला तळं दाखवलं," तो म्हणाला. "धर्मशाळा बांधणाऱ्यांनी धर्मशाळा दाखवली. तुम्ही काय दाखवणार?"

"आमचा डोंगर. जळला नाही तो."

दानाध्यक्ष हसला. "न जळलेले डोंगर राज्यात पुष्कळ आहेत, आजीबाई. जे घडलंच नाही ते मी राजाला कसं दाखवू? निदान जळक्या डहाळ्या तरी ठेवल्यात का?"

डहाळ्या ओढ्यात गेल्या होत्या. आपल्या रीतीनं आपलाच पुरावा धुऊन टाकला होता, हे धोंडाबाईला त्या लोडासमोर उभं असताना पहिल्यांदा कळलं.

"पौर्णिमेला मी तुमच्याकडे येईन," दानाध्यक्ष म्हणाला. "तेव्हा काही दिसलं तर बघू."

दोघी बाहेर आल्या तर ओसरीवर एक माणूस पान चघळत बसला होता. रेशमी पगडी, गोड हसू. कुणाला दान कसं मिळेल हे सांगायचं आणि मिळालेल्या दानातला वाटा घ्यायचा, हा त्याचा धंदा. लोक त्याला दानदलाल म्हणत.

"मावशी, एवढं सोपं काम आणि तोंड पाडून का जाता?" तो म्हणाला. "साहेबांना बघायचंय ना? दाखवा की. पौर्णिमेला डोंगराचा एक कोपरा पेटवा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत विझवा. आग तुमच्या ओळखीची. दान तुमचं, चौथाई माझी."

गोदाचे डोळे चमकले. धोंडाबाईचेही चमकले, पण वेगळ्या कारणानं.

"का रे भल्या माणसा, औषध खपावं म्हणून वैद्यानं विहिरीत विष कालवायचं का?"

"मावशी, जग असंच चालतं."

"मग जगाला म्हणावं, आमच्या डोंगरावरून चालू नकोस."

घाट चढताना गोदाचा बांध फुटला. "जाऊबाई, तुमचा ताठा तुमच्यापाशी ठेवा! तुमच्या घरात कुणाचे पाय भाजलेत? एक कोपरा तर जळेल, गवत परत उगवतं. माझ्या सुनेचे तळवे उगवतील का?"

"नाही उगवणार," धोंडाबाई म्हणाली. "म्हणून तर दुसरीचे जाऊ द्यायचे नाहीत. पण खोटी आग नाही लावायची, गोदे. आगीला खरं-खोटं कळत नाही."

गोदानं ऐकलं, पण मानलं नाही.

पौर्णिमेला दानाध्यक्षाचा मेणा गावात आला. मागून दानदलालही आला, आपल्या चौथाईवर नजर ठेवायला. धोंडाबाई पाहुण्याला झरा दाखवत होती, रान दाखवत होती, आग अडावी म्हणून गवत कापून राखलेली कोरी पट्टी दाखवत होती. दानाध्यक्ष जांभया देत होता. तेवढ्यात पश्चिमेच्या उतारावरून धूर उठला.

धोंडाबाईनं एकदा धुराकडे पाहिलं आणि एकदा तिकडून येणाऱ्या गोदाकडे. गोदानं मान खाली घातली. बाकी काही विचारावं लागलं नाही.

आधी आग गोदाच्या मनासारखी वागली, कोपऱ्यातच खेळत राहिली. मग वारा फिरला. वाऱ्यानं काही चौथाई ठरवली नव्हती. आग उभी राहिली आणि उतार चढून झऱ्याकडे निघाली. मेण्याचे भोई मेणा टाकून पळाले. दानदलाल पगडी सावरत त्यांच्याही पुढं पळाला.

"डहाळ्या!" धोंडाबाई गरजली. "खालच्या बाजूनं या! गोदे, रडायला नंतर वेळ आहे, माझ्या डाव्या हाताला उभी राहा!"

बायका आगीवर तुटून पडल्या. डहाळ्या संपल्या तशी ओली गोणपाटं घेतली, पायांची सालं निघाली. दिवस मावळता मावळता आग झऱ्याच्या काठाशी येऊन मेली. गाव वाचलं, झरा वाचला. पण अर्धा डोंगर काळा झाला होता. कुठल्याच वणव्यात इतका डोंगर त्या गावानं कधी गमावला नव्हता.

दानाध्यक्ष एका धोंड्यावर उभा राहून सगळं बघत होता. तो धावत खाली आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"धन्य! असं काम मी आजवर पाहिलं नाही. आता मी राजाला डोळ्यांनी पाहिलेलं सांगेन. वहाणा, पखाली, दक्षिणगडाचं शिक्षण, सगळं तुमचं!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गावाच्या कडेची भिंत धरून उभी असलेली गोदाची सून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आता धोंडाबाईनं फक्त गप्प राहायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं.

पण गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"हे आमचं काम नव्हे," ती म्हणाली. "ही आमची चूक आहे. आग आमच्यातल्याच एकीनं लावली, तुम्हाला दाखवायला. आमचं काम ते, तिकडं." तिनं हिरव्या राहिलेल्या अर्ध्या डोंगराकडे बोट केलं. "ते बघून तुम्ही जांभया दिल्यात."

दानाध्यक्षाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "लबाड बायका! या गावाला माझ्या हातून काडीचं दान मिळणार नाही!" असं म्हणून तो निघून गेला. पायीच गेला, कारण भोई परतले नव्हते.

त्या संध्याकाळी गोदा जळक्या डहाळ्या गोळा करून ओढ्याकडे निघाली. धोंडाबाईनं तिचा हात धरला.

"सोडू नकोस. घरी ने."

"जाऊबाई, रीत आहे ती."

"रीत होती. आपण तोंड मिटून बसलो, म्हणून त्या दलालाचं तोंड चाललं. आता मी प्रत्येक आगीचं नाव घेणार आहे. परत यायचं तर येऊ दे तिला, आपण आहोतच की."

"आणि मला काय शिक्षा?" गोदानं हळूच विचारलं.

"शिक्षा? माझ्याबरोबर दरबारात चल. सुनेलाही घे. डोलीला खांदा मी देते."

राजा महिन्यातून एकदा खुला दरबार भरवी. त्या दरबारात एक कायदा होता: राजासमोर पायाचे तळवे दिसता कामा नयेत. तो राजाचा अपमान समजला जाई. डोंगरावरच्या बायका आल्या, गालिच्यावर ओळीनं बसल्या, आणि त्यांनी पाय लांब केले. सगळ्यांचे तळवे राजाकडे. भाजलेले, फाटलेले, चामडं गोळा झालेले.

भालदार धावले. दानाध्यक्ष ओरडला, "महाराज, याच त्या! यांनीच डोंगर पेटवला!"

"पेटवला," धोंडाबाई म्हणाली. "अर्धा. तो आम्ही पुन्हा लावू, त्याचं दान नको. पण महाराज, तुमची माणसं जळलेलं बघायला येतात आणि राखलेलं बघून जांभया देतात. मग लोक पेटवतीलच. चूक आमची आहे, आणि ती शिकवली तुमच्या दानशाळेनं. तुमच्या माणसानं पुरावा मागितला होता. हा आणलाय. बघा नीट, मान फिरवू नका."

राजानं मान फिरवली नाही. पुढं वाकून तो एकेक तळवा बघत गेला.

"आणि मी नाही म्हटलं तर?" त्यानं विचारलं.

"तर आम्ही विझवतच राहू. आग तुमची परवानगी मागत नाही, आम्हीही मागत नाही. पण पुढच्या वणव्यात जी मरेल, तिचं नाव मी तुमच्या चौकात येऊन सांगेन. रोज सांगेन. माझा आवाज डोंगर ओलांडतो, चौक किती लांब?"

राजा म्हणाला, "काय हवंय?"

"पायांना वहाणा. पाण्याला पखाली. दक्षिणगडावर शिकायला जागा. आणि दवंडी आमच्या घाटातही पिटायची. दान देता ते लपवून कशाला देता?"

राजानं चारही गोष्टी दिल्या. दानाध्यक्षाला हुकूम झाला, की यापुढे राखलेली रानं चालून बघायची, स्वतःच्या पायांनी.

"शिकायला कोण जाणार?" राजानं शेवटी विचारलं.

बायका धोंडाबाईकडे बघू लागल्या. धोंडाबाईनं गोदाच्या पाठीत थाप मारली. "ही. आगीनं फसवलं तर कसं वाटतं, हे हिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

गोदा गेली, शिकली, परत आली. तोवर जळलेल्या उतारावर बायकांनी करंजाची आणि जांभळीची रोपं लावली होती. पुढं एका उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातून असा वणवा आला, की आभाळ तांबडं झालं. नुसत्या डहाळ्यांचं काम नव्हतं ते. बायका कोऱ्या पट्टीवर वहाणा घालून, पखाली भरून, डहाळ्या घेऊन उभ्या राहिल्या. गोदाच्या हातात पेटता पलिता होता, पण तो तिनं अजून गवताला लावला नव्हता.

"जाऊबाई, मागच्या वेळी याच हातानं..."

"तेव्हा दाखवायला लावली होतीस," धोंडाबाई म्हणाली. "आज राखायला लाव. पेटव गं!"

गोदानं वारा पाहिला, श्वास धरला आणि पलिता गवताला लावला. तिची आग पट्टीवरून पुढं सरकली, वणव्याला सामोरी गेली, त्याच्या तोंडचं गवत खाऊन बसली. दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या आणि खायला काही न उरल्यानं दोन्ही विझल्या. डोंगर हिरवा राहिला. रोपं हिरवी राहिली.

त्या दिवशीच्या जळक्या डहाळ्या बायकांनी ओढ्यात सोडल्या नाहीत, चावडीच्या दारावर टांगल्या. मैदानातून परतलेल्या गड्यांनी विचारलं, "हे काय?"

गोदाची सून भिंत सोडून पुढं आली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्यानं.

म्हणून सांगते: मदत ताठ मानेनं मागावी, आपलं काम मोठ्यानं सांगावं, पण मदतीसाठी आपलं काम कधी जाळू नये.