करकोच्याला गेलेला निरोप

तळ्याकाठच्या एका दाट जंगलात एक खार राहत असे. जंगलाच्या निरोपघरात ती संगणकावर काम करी. दूरदेशीच्या पक्ष्यांचे निरोप वाचायचे आणि त्यांना उत्तरं पाठवायची, हे तिचं काम. दर हिवाळ्यात त्या तळ्यावर करकोच्यांचा थवा उतरे. त्यातला एक म्हातारा करकोचा तिचा जिवलग मित्र होता. मुलांनो, तो परत गेला की खारीला मुळीच करमत नसे. काम करता करता ती मध्येच उठून खिडकीशी जाई आणि आभाळाकडे बघत राही.

निरोपघराचं काम पाहणारं कासव तिला म्हणे, "अगं, उठताना स्क्रीन लॉक करत जा. तुझ्या नावाने कोणीही काहीही लिहील."

"इथे सगळे आपलेच तर आहेत, कासवदादा," खार म्हणे.

एका हिवाळ्यात करकोच्याचा निरोप आला, "वाटेतल्या मुक्कामावर आहोत. तळ्यात पाणी आहे ना? माझे पंख आता थकलेत. पुढच्या वर्षी एवढं लांब उडणं जमेलसं वाटत नाही. एकदा तुला भेटायचं आहे." खारीचे डोळे भरून आले. उत्तर लिहायचं सोडून ती खिडकीकडे धावली. स्क्रीन तशीच उघडी राहिली. तेवढ्यात एक माकड आत आलं. खुर्ची रिकामी पाहून त्याला गंमत सुचली. "तळं आटलं आहे. येऊ नका," असं लिहून त्याने ते पाठवूनही दिलं.

खार जागेवर आली, तेव्हा करकोच्याचं उत्तर येऊन पडलं होतं, "बरं. मग आम्ही दुसऱ्या तळ्याकडे निघतो. सुखात राहा." खारीने वर आपल्या नावाने गेलेला निरोप पाहिला आणि घाईघाईने लिहिलं, "तळं भरलेलं आहे! या, लवकर या!" पण थवा उडाला होता. वाचायला तिथे कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुरून ओळखीचा आवाज आला. खार सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढली. पार डोंगरापलीकडून थवा चालला होता. तिने जीव तोडून हाका मारल्या. एवढ्याशा जिवाचा आवाज तिथवर कसा पोहोचणार? ती रांग बारीक होत होत दिसेनाशी झाली.

"मी नुसती गंमत केली गं," माकड रडवेलं होऊन म्हणालं.

"लिहिलंस तू," खार म्हणाली, "पण त्याने ते माझं म्हणून वाचलं."

त्या हिवाळ्यात तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यावर एकही करकोचा उतरला नाही.

तात्पर्य : जागेवरून उठताना संगणक लॉक करूनच उठावे; कारण आपल्या नावाने गेलेला शब्द दुसऱ्याचा असला, तरी ऐकणाऱ्याला तो आपलाच वाटतो.